शेवेच्या डब्यातली डिस्क

"एकाहत्तर टक्के," बुद्धभूषण म्हणाला.

"मघाशी पण एकाहत्तरच सांगितलास की," अक्षता म्हणाली.

"मग मी काय करू? ते पुढं सरकंना झालंय."

"तू तोंड मिटलंस की सरकतंय बघ."

कळंब्याच्या रस्त्यावर प्रसेनजीतमामाचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा होता. गारगोटीहून ही दोन भावंडं मे महिन्याच्या सुट्टीला मामाकडे आली होती, आणि तळ्यावर हुंदडायचं सोडून अक्षता दिवसभर गाळ्यात ठाण मांडून बसायची. वय वर्षं तेरा. स्क्रू उघडायची एवढी हौस, की घरातलं घड्याळ तिच्यापासून लपवून ठेवावं लागे. बुद्धभूषण अकराचा. त्याला हौस फक्त बडबडीची.

शनिवार होता, सकाळचे साडेदहा. अकराला लाइट जाणार होती. सन दोन हजार सातच्या उन्हाळ्यात लाइट जाण्याचं वेळापत्रक लोकांना पाढ्यांसारखं पाठ होतं. टेबलावर जनावरांच्या डॉक्टर शालनताईंचा लॅपटॉप उघडा पडला होता. त्यातली चाळीस जीबीची डिस्क फोटोंनी गच्च भरली होती, म्हणून तिच्या जागी एकशेवीसची बसवायची होती. पण डिस्क नुसती बदलून भागत नाही. जुनीवरचं सगळं, अगदी विंडोजसकट, जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवावं लागतं. त्यासाठी मामाकडे एका सीडीवर प्रोग्राम होता, आणि तो चालवायची मामाची एक ठरलेली रीत होती.

एंटर दाबायच्या आधी मामा मोठ्यानं विचारायचा, "कुठून?" अक्षतानं पडद्यावरचं वाचून सांगायचं, "डिस्क एकवरून." "कुठं?" "डिस्क दोनवर." असं तीन वेळा. देवळातल्या आरतीसारखं. गिऱ्हाईकं हसायची.

"मामा, उलटं झालं तर काय होतंय?" बुद्धभूषणनं विचारलं.

"कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरल्या डिस्कवर उतरतो," मामा म्हणाला. "एका मास्तरांचं तीन वर्षांचं लिखाण मी असंच पुसलंय. घाईत. मास्तर काय बोलले न्हाईत, नुसते बसून राहिले. तवापास्नं मोठ्यानं वाचतो."

दाराच्या पायरीवर आदर्श बसला होता. शेजारच्या दूधवाल्यांचा मुलगा, अक्षताच्याच वयाचा. त्याच्या हातात एक रिकामा दोर होता, आणि सोमवारपासून तो दोर त्यानं खाली ठेवला नव्हता. त्याचा मुधोळ कुत्रा तांब्या सोमवारी सकाळी गोठ्यातून नाहीसा झाला होता. तांबूस अंग, लांब पाय, उजव्या कानामागे पांढरा ठिपका. आदर्शनं त्याला बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं.

"मिळंल रं तांब्या," अक्षता म्हणाली.

"सहा दिवस झालं," आदर्श म्हणाला. "तू रोज हेच म्हणतीस."

अकराला तीन मिनिटं कमी असताना शंभर टक्के झाले. मामानं नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली, लॅपटॉप सुरू झाला, फोटो उघडले. जुनी डिस्क मामानं चंदेरी पिशवीत घातली. तळहातावर मावेल एवढीशी. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: 'डॉ. शालन. चाळीस जीबी. २६ मे. आठ दिवस पुसू नये.' आणि ती शेवेच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा फळीवर ठेवला. नवी डिस्क आठ दिवस बिनतक्रार चालल्याशिवाय मामा जुनी पुसत नसे, गिऱ्हाइकाला परतही देत नसे. त्या डब्याला अजून शेवेचा वास यायचा.

मग लाइट गेली, आणि शेजारच्या धोंडुबाईंचं मिरची कांडपाचं मशीन बंद पडलं. चटणीचे दिवस. गाळ्याबाहेर मिरचीची पोती रांगेत उभी होती आणि अख्खी गल्ली शिंकत होती.

साडेबाराला पायरीवरच्या आदर्शला ओलांडून दोन माणसं आत आली. पुढच्याच्या हातात लोखंडी पहार होती.

"डॉक्टरणीचा लॅपटॉप कुठला?"

"पावणं, पावती हाय का?" मामानं विचारलं.

"ही पावती," असं म्हणून त्यानं पहार काउंटरच्या काचेवर घातली.

काचा अक्षताच्या पायाशी उडाल्या. दुसऱ्या माणसानं हात टाकायच्या आत मामा लॅपटॉपवर पालथा पडला. असा शहाणपणा कुणी करतं का? पण मामानं केला. पहार त्याच्या हातावर बसली आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मग दुसरा घाव डोक्यावर बसला आणि तो टेबलावरून घसरून खाली पडला. कपाळातून रक्त आलं ते थेट फरशीवर.

"मामा!" अक्षता पुढे धावली. त्या माणसानं तिला एका हातानं असं ढकललं, की ती फळीवर जाऊन आपटली आणि शेवेचा डबा तिच्या डोक्यावर पडून घरंगळत टेबलाखाली गेला. मग त्यानं लॅपटॉप जमिनीवर ठेवून पहारीनं ठेचला. एकदा, दोनदा, तीनदा. वर बुटाच्या टाचेनं चेंदला. बटणं दाण्यांसारखी विखुरली.

तेवढ्यात दारातून धोंडुबाई आल्या. साठीची बाई, पण आवाज तालमीतल्या वस्तादाचा. हातात सूप होतं आणि सुपात ताजी कांडलेली चटणी.

"मुडद्यांनो, बाप्या एकटा बघून मारतायसा व्हय?"

सूपभर चटणी दुसऱ्या माणसाच्या तोंडावर गेली. तो डोळे धरून किंचाळायला लागला. पहारवाल्यानं त्याला फरपटत बाहेर नेलं, पांढऱ्या जीपमध्ये कोंबलं आणि जीप सुटली. जीपला नंबरप्लेट नव्हती.

*

दवाखान्यात मामाच्या कपाळाला आठ टाके पडले. हात दोन ठिकाणी मोडला होता. त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. शालनताई बाकावर बसून रडत होत्या आणि त्यांच्यासमोर बाळासो हवालदार वही उघडून उभे होते.

"चूक माझीच हो," शालनताई सांगत होत्या. "महिनाभर झालं, कृष्णात नावाचा एकजण माझ्याकडे फाटलेली कुत्री आणतोय. म्हणतो, तारेच्या कुंपणात अडकलं. कसलं कुंपण? दातांचे घाव मला कळत नाहीत होय? कुणीतरी कुत्र्यांच्या झुंजी लावतंय. मी गुपचूप सगळे फोटो काढले. सोमवारी तक्रार देणार होते. आणि काल चहाच्या गाड्यावर मोठ्यानं बोलून बसले, की सगळं लॅपटॉपमध्ये आहे आणि लॅपटॉप प्रसेनजीतकडे आहे."

"ह्यो कृष्णात कुठला?"

"पत्ता खोटा दिलाय त्यानं."

"बरं. पुरावा कुठाय?"

शालनताईंनी पायाशी ठेवलेल्या पोत्याकडे बोट दाखवलं. त्यात लॅपटॉपचा चुरा होता. "कॅमेऱ्यातले फोटो पण मी पुसले. पण जुनी डिस्क असेल की! प्रसेनजीतनं ती ठेवली असेल ना कुठंतरी?"

"फोडणाऱ्यांनी ती पण नेली असंल," हवालदार म्हणाले.

"न्हाय ओ, जुनी डिस्क शेवेच्या..." अक्षतानं तोंड उघडलं.

"ए पोरी, मोठी माणसं बोलत्यात. गप बस."

अक्षता गप बसली. तिच्या कानशिलापर्यंत राग चढला. मामाचं रक्त अजून तिच्या फ्रॉकवर होतं, आणि हा माणूस तिला गप बस म्हणत होता! बरं तर बरं. ती उठली आणि बुद्धभूषण नि आदर्शला खुणेनं बाहेर घेऊन निघाली.

दाराशी बुद्धभूषण थबकला. "ताई, तो बघ. पाण्याच्या टाकीजवळ. डोळ्यावर ओला टॉवेल धरून बसलेला."

"चल रं. दवाखान्यात काय सगळे नाचत असत्यात व्हय?"

इथं अक्षताचं चुकलं. तो टॉवेलखालचा माणूस धोंडुबाईंच्या चटणीवर औषध घ्यायला आला होता, आणि त्याचे डोळे गेले असले तरी कान शाबूत होते.

*

चार वाजता लाइट आली. टेबलाखालून डबा काढून अक्षतानं डिस्क एका जोडणीच्या खोक्यात बसवली आणि मामाच्या कॉम्प्युटरला लावली. डिस्क गुणगुणली. फोटो उघडले.

बघवत नव्हतं. फाटलेले कान, सोललेली मान, एका कुत्र्याचा तर जबडाच लोंबत होता. बुद्धभूषणनं एरवी दहा प्रश्न विचारले असते. आत्ता तो सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेला.

"ताई, तारखा वाच."

"तीस एप्रिल. सात मे. चौदा मे. एकवीस मे."

"सगळे सोमवार."

"म्हणजे झुंज रविवारी," अक्षता म्हणाली. "दुसऱ्या दिवशी कुत्री डॉक्टरकडं."

"थांब, मागं घे," आदर्श एकदम म्हणाला. "ती जीप. अजून मोठं कर."

एकवीस मेचा फोटो. पुढे रक्ताळलेला एक काळा कुत्रा. शालनताईंचं सगळं लक्ष त्याच्या जखमेवर होतं. पण मागे पांढरी जीप उभी होती, आणि तिच्या मागच्या फाळक्यातून एक तांबूस डोकं बाहेर आलं होतं. उजव्या कानामागे पांढरा ठिपका.

आदर्शच्या हातातला दोर खाली पडला. "उद्या रविवार हाय," एवढंच तो म्हणाला.

"कुठं नेलं असंल?" बुद्धभूषण पुटपुटला.

आदर्श डोळे पुसून पडद्याजवळ गेला. दूधवाल्यांचं पोर, पण उसाच्या रानात वाढलेलं. त्यानं त्या काळ्या कुत्र्याच्या अंगावर बोट ठेवलं. "ह्या केसात काय चिकटलंय बघ. चिपाडाचा भुसा. आणि ही काळी पापुद्र्याची राख. ही चुलीची राख न्हवं. उसाचं चिपाड जाळलं की अशी पडती. गुऱ्हाळात."

"मे महिन्यात कुठलं गुऱ्हाळ चालू असतंय?"

"बंद गुऱ्हाळ!" बुद्धभूषण ओरडला. "तळ्यापलीकडचं! गेल्या रविवारी मी सायकलवर गेलतो तवा तिथं पाच-सहा गाड्या हुत्या. अकरा वाजता. मी तुला सांगितलंतं, तू म्हणालीस रस्सा खायला जमलं असत्याल."

"ते हंबीररावांचं हाय," आदर्श म्हणाला. हंबीरराव म्हणजे परिसरातलं बडं प्रस्थ. पांढरे कपडे, पांढरी मिशी, आणि गणपतीत पहिल्या आरतीचा मान.

"चला पोलिसात," बुद्धभूषण उठला.

"थांब," अक्षता म्हणाली. "आधी कॉपी. एकच प्रत असली तर ती नसल्यागत, असं मामा म्हणतो. आत्ता जगात ही एकच हाय."

तिनं मामाच्या कपाटातली चाळीसचीच एक कोरी डिस्क दुसऱ्या खोक्यात बसवली, सीडी घातली आणि कॉम्प्युटर सीडीवरून चालू केला. पडद्यावर दोन ओळी आल्या. डिस्क एक, चाळीस. डिस्क दोन, चाळीस. सकाळी एक चाळीसची होती आणि एक एकशेवीसची, कळत तरी होतं. आता दोन्ही जुळ्या. मामा नव्हता. तिनं एंटरवर बोट ठेवलं.

"कुठून?" बुद्धभूषणनं मोठ्यानं विचारलं.

"गप रं, वेळ न्हाय."

"कुठून, ताई?"

"डिस्क एकवरून," ती म्हणाली. "पण डिस्क एक म्हणजेच भरलेली कशावरनं?"

तिनं बोट उचललं. कोऱ्या डिस्कची वायर काढली आणि यादी परत बघितली. उरली होती ती डिस्क दोन. म्हणजे डॉक्टरांची डिस्क दोन होती. एंटर दाबलं असतं तर मामाचा हात फुकट मोडला असता आणि तांब्याचा जीव गेला असता. तिनं वायर पुन्हा लावली, तीनदा मोठ्यानं वाचलं, मग दाबलं.

सतरा टक्क्यांवर बाहेर जीपचा ब्रेक वाजला.

"तोच," आदर्श फटीतून बघत म्हणाला. "पहारवाला."

पळायला मागचं दार नव्हतं. अक्षतानं पडद्याचं बटण बंद केलं आणि दोन्ही खोक्यांवर टेबल पुसायचं फडकं टाकलं. मग फळीवरून एक जळकी डिस्क उचलली, मोठ्या कॉम्प्युटरची, विटेएवढी. चंदेरी पिशवीवरची मामाची चिठ्ठी सोलून तिनं ती त्या विटेवर थापली. एवढं होतंय तोवर पहारवाला आत आला होता. फोटोतली पांढरी जीप ह्याचीच, म्हणजे हाच तो कृष्णात.

"जुनी डिस्क कुठाय?"

कृष्णातनं आदर्शच्या मुस्काटात अशी दिली की तो खुर्चीसकट उलथला. मग बुद्धभूषणचा गळा धरून त्याला भिंतीला लावलं आणि वर उचललं. पोराचे पाय हवेत झडायला लागले. तोंड लाल झालं, मग जांभळं.

"सांगतीस का मोडू मान?"

"देते," अक्षता रडत म्हणाली. रडायचं सोंग करावंच लागलं नाही. "त्याला सोडा. ही घ्या."

कृष्णातनं त्याला टाकलं आणि वीट हातात घेतली. "हीच कशावरनं?"

"चिठ्ठी वाचा की."

कृष्णातनं अक्षर अक्षर लावून वाचलं. डॉक्टर शालन. आठ दिवस पुसू नये. लॅपटॉपची डिस्क केवढी असते, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी बघितलं नव्हतं. "आठ दिवस कशाला, आत्ताच पुसतो," असं म्हणून त्यानं ती पायरीवर ठेवली आणि पहारीनं तिचे तुकडे होईपर्यंत घाव घातले. प्रत्येक घावाला बुद्धभूषण दचकत होता. "कुणाला सांगितलासा तर पुढचा घाव डोक्यात," तो म्हणाला आणि गेला.

अक्षतानं भावाला कुशीत घेतलं. त्याच्या मानेवर पाच बोटं उठली होती. बराच वेळ त्याला बोलता येईना. मग त्यानं हात लांब करून पडद्याचं बटण दाबलं.

"बावीस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

*

रविवारी सकाळी सातला कॉपी शालनताईंच्या हातात होती. त्यांनी मुलांचं सगळं ऐकलं, बुद्धभूषणची मान बघितली आणि तडक स्कूटर काढली. "मी पोलिसांना घेऊनच गुऱ्हाळावर येते. तुम्ही तिकडे फिरकायचं नाही. शब्द द्या."

शब्द अक्षतानं दिला, बुद्धभूषणनं दिला. आदर्शनं दिलाच नव्हता. साडेदहाला तो गोठ्यातून गायब झाला तेव्हा दोघांना ते आठवलं.

"मरंल ते येडं," अक्षता म्हणाली आणि थेट धोंडुबाईंच्या गाळ्यात शिरली. कोपऱ्यात झाडलोटीचं पोतं होतं. देठं, बिया, फुटकी मिरची.

"आजी, हे पोतं नेऊ?"

"कशाला गं?"

"डास घालवायला."

"पोतंभर? केवढं डास हाईत?"

"चांगलं जीप भरून."

धोंडुबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, मग बुद्धभूषणच्या मानेकडे. त्यांनी पोतं स्वतः उचलून सायकलवर बांधलं. वर काड्यापेटी दिली. "तोंडाला वलं फडकं बांधा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुऱ्हाळाबाहेर सात गाड्या होत्या. पत्र्याची मोठी शेड, तीन बाजूंनी बांबूचे तट्टे, आणि आतून माणसांचा गलका. दोघं मागच्या उसात लपले. हंगाम संपल्यावर गुळाची काहील उचलून ठेवलेली असते, त्यामुळं शेडच्या मधोमध चुलाणाचं तोंड उघडं होतं. कडेला पत्रे उभे करून रिंगण केलं होतं. मागच्या अंगाला, जमिनीखाली, जाळ घालायचं भोक होतं.

तट्ट्याच्या फटीतून अक्षतानं बघितलं. आदर्श सापडला होता. कृष्णातनं त्याला खांबाला बांधलं होतं आणि कमरेचा पट्टा काढून मारत होता. सपकन आवाज यायचा, मग आदर्शचं कण्हणं. ओठ फुटला होता, सदरा पाठीवर फाटला होता. खुर्चीवर बसलेले हंबीरराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बास. त्याला बघू दे त्याचं कुत्रं कसं लढतंय ते."

तांब्याला आत ढकललं. समोरून एक जाडजूड करडं कुत्रं सुटलं आणि थेट त्याच्या कानावर गेलं. तांब्या शिकारीचा, पळणारा कुत्रा. त्याला पळायला जागाच नव्हती. दोघं मातीत लोळले, रक्त पत्र्यावर उडालं. माणसं ओरडत होती, नोटा हलवत होती. आदर्श बांधल्या जागेवरून किंचाळत होता.

"भूषण, चिपाड," अक्षता म्हणाली.

शेडमागे वाळक्या चिपाडाचा ढीग होता. दोघांनी कवळ्याच्या कवळ्या भोकात कोंबल्या, वर पोतं पालथं केलं. पहिली काडी विझली. दुसरी तिच्या हातातून पडली. तिसरी लागली. चिपाडच ते, भडकायला वेळ कशाला लागतोय? आणि मिरचीचा पांढरा धूर जमिनीखालून सरळ शेडमध्ये फुटला.

मिरचीचा ठसका माहीत नसलेला माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही. पण पोतंभर मिरचीचा? ओरडणाऱ्यांच्या घशातून आवाजाऐवजी नुसता खोकला यायला लागला. माणसं एकमेकांना तुडवत दाराकडे धावली. एक जण पत्र्यावर पडला आणि त्याचा हात चिरला. हंबीरराव खुर्चीसकट उलथले आणि रांगत रांगत बाहेर आले. करडं कुत्रंही तांब्याला सोडून शिंकत पळालं.

तोंडाला ओलं फडकं बांधून अक्षता आत शिरली. डोळ्यांतून नुसत्या धारा. चाचपत तिनं खांब गाठला आणि दातांनी दोर सोडवला. आदर्शनं आधी तांब्याला उचललं, मग स्वतःला सावरलं. ते बाहेर पडले, तोच मागून कुणीतरी अक्षताची वेणी धरून तिला जमिनीवर आपटलं. कृष्णात. डोळे मिटलेले, नाक गळतंय, पण हातात पहार.

"तीच डिस्कवाली," तो खोकत म्हणाला आणि त्यानं पहार उचलली.

बुद्धभूषण बडबड न करता पुढे आला. पोत्याच्या तळातला उरलेला भुगा त्यानं दोन्ही मुठींत भरून आणला होता. तो त्यानं कृष्णातच्या डोळ्यांत चोळला. चोळला म्हणजे अगदी उटणं लावावं तसा. पहार खाली पडली, आणि खाली वाकलेल्या कृष्णातच्या मनगटात रक्तबंबाळ तांब्यानं दात रोवले, ते आदर्शनं तीनदा हाक मारल्याशिवाय सोडले नाहीत.

समोर वाटेवर पोलिसांच्या दोन गाड्या आडव्या उभ्या होत्या आणि शालनताई बोट दाखवत होत्या. खोकणारी माणसं स्वतःहून त्यांच्या हातात जाऊन पडत होती. हंबीररावांना बेड्या घालताना कुणी धावपळ केली नाही. त्यांना शिंकेतून फुरसतच नव्हती.

*

सोमवारी दवाखान्यात मामाच्या खाटेभोवती गर्दी होती. धोंडुबाईंनी तांबडा रस्सा आणला होता. तांब्याचा अर्धा कान गेला होता. शालनताईंनी बावीस टाके घालून त्याला वाचवलं होतं, आणि आदर्श रात्रभर त्यांच्या दवाखान्यातच झोपला होता, पाठीवर मलम लावून. शालनताईंनी अक्षताच्या पाठीवर हात ठेवला. "शब्द मोडलास म्हणून रागावणार होते मी. पण आता कुठल्या तोंडानं रागावू? चहाच्या गाड्यावर मीच सगळं बोलून बसले."

मामा प्लास्टरमधला हात सांभाळत उठून बसला. त्यानं गुन्हेगारांचं काही विचारलं नाही, पहिला प्रश्न विचारला तो असा: "कॉपी करताना मोठ्यानं वाचलीस?"

"मी न्हाय वाचत हुते. भूषणनं वाचायला लावलं," अक्षता खरं ते म्हणाली. "न्हायतर मी पुसणार हुते सगळं."

मामानं चांगल्या हातानं दोघांची डोकी जवळ घेतली आणि बराच वेळ सोडली नाहीत. त्याचे डोळे भरून आले होते. चटणीमुळं नव्हे.

तेवढ्यात बाळासो हवालदार आले. त्यांच्या काखेत शेवेचा डबा होता, लाखेनं बंद केलेला. आत छोटी डिस्क. ती आता कोर्टात जाणार होती. त्यांनी स्टूल ओढलं, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"जबाब लिहून घ्यायचाय," ते म्हणाले. "पहिल्यापास्नं. डिस्क कुठनं कुठं गेली, कुणी काढली, कशी वळखली. मला त्यातलं काय कळत न्हाय."

अक्षतानं मामाकडे बघितलं, शालनताईंकडे बघितलं.

"मी बोलू?"

"बोल, बाई," बाळासो हवालदार मान खाली घालून म्हणाले. "मोठी माणसं ऐकत्यात."